उतरलेला कोट आणि आईचे जाकीट

सोलापूर जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला आठवते ते ऊन. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, हे खरेच आहे. पण आमच्या थंडीची कथा त्याला ठाऊक नसते. आमचे करकंब पंढरपूर तालुक्यात, पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावर. उजनीचे पाणी आले आणि या भागात उसाची शेती वाढली. दिवाळी सरली की पहाटे भिजलेल्या फडातून जो गारठा वर येतो, तो हाडापर्यंत जातो. मजुरीला जाणाऱ्या बायांना हे कुणी सांगावे लागत नाही. डोईला फडके, अंगात मालकाचा जुना शर्ट, त्यावर पदर घट्ट खोचलेला, अशा त्या सकाळी वस्तीतून बाहेर पडतात.

आमची आई त्यांतलीच एक. वय अडुसष्ट. आम्ही बी. कॉम. होऊन कचेरीत लिपिक झालो, घरात दोन वेळची भाकरी सुखाने मिळू लागली, तेव्हा 'आता घरी बस' म्हणून तिला दहा वेळा सांगून झाले. 'बसून अंग आखडतंय' हे तिचे उत्तर ठरलेले. त्यामुळे खुरपणीचे काम मिळाले की ती आजही जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत खोकला घेऊन परत येते.

तीन हिवाळ्यांमागची गोष्ट. आमच्या कचेरीतले एक वरिष्ठ बदली होऊन महिनाअखेरीस जाणार होते. सामान आवरताना त्यांनी आम्हाला घरी बोलावले आणि एक गरम कोट हातात ठेवला. कोट त्यांच्या पत्नीचा. चांगला जाडजूड, आत अस्तर, कुठे फाटलेला नाही. 'तुमच्या आईंना होईल' असे ते म्हणाले. माणूस मनाचा चांगला. आम्ही आभार मानले आणि कोट पिशवीत घालून घरी आणला. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही खुशीत होतो. असा कोट विकत घ्यायचा तर दोन हजारांच्या खाली मिळाला नसता. लिपिकाच्या डोक्यात आधी हिशेब येतो.

आईने कोट हातात घेतला. उलटा करून पाहिला. कॉलर वासून पाहिली. मग विचारले, "कुनाचा हाय?"

आम्ही सांगितले. तिने कोटाची नीट घडी घातली, पुन्हा पिशवीत ठेवली आणि पिशवी आमच्याकडे सरकवली. "परत दे."

"अगं, नवा असल्यासारखाच आहे. धुऊन घेऊ."

"नवा आसंल. पर उतरलेला हाय. तुझी आज्जी जलमभर उतरलेलं नेसली. आमी न्हाय नेसायचं, आसं तिनंच सांगितलंय."

आमच्या आजीची पिढी काय नेसून जगली, हे आम्ही तिच्याच तोंडून ऐकले होते. गावकीच्या कामाच्या बदल्यात महारवाड्याला जे मिळायचे, त्यात मढ्यावरचे कापडसुद्धा हक्काचे म्हणून मोजले जाई. ज्याला हक्क म्हणत, तीच अवहेलना होती. घरधनिणीने जुने लुगडे दारातून खाली टाकावे आणि आमच्या आजीने ते पदरात झेलावे, ही रीत. आजीने ती रीत मोडली आणि वाकळीला ठिगळावर ठिगळ लावून दिवस काढले, पण दुसऱ्याच्या अंगचे अंगाला लावले नाही.

आता वाचकहो, आमची फजिती पाहा. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले, तेव्हा लुगडे कसे नेसावे, अंगावरचे कोणते दागिने टाकून द्यावेत, राहणी स्वच्छ कशी ठेवावी, हे त्यांनी मुद्दाम सांगितले. ही गोष्ट आम्ही जयंतीच्या व्यासपीठावरून दरवर्षी सांगतो. त्यावर टाळ्याही पडतात. आणि तेच आम्ही वरिष्ठांच्या घरून जुना कोट आणून आईपुढे धरला होता. आमच्या मातेला अक्षरओळख बेताची, पण ते भाषण तिच्या अंगी मुरले होते आणि आमच्या जिभेवरच राहिले होते.

कोट परत करणे काही सोपे नव्हते. आठ दिवस ती पिशवी आमच्या टेबलाखाली पडून होती. साहेब समोरून गेले की आम्ही रजिस्टरमध्ये डोके घालायचो. 'लहान झाला' असे खोटे सांगावे, असेही मनात आले. शेवटी त्यांच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी आम्ही पिशवी घेऊन गेलो आणि म्हणालो, "साहेब, आई वापरलेले कपडे घालत नाही. तिची तशी शपथ आहे. राग मानू नका." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग 'बरं' म्हणाले आणि पिशवी ठेवून घेतली. त्यांना राग आला की वाईट वाटले, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. पण खरे बोललो, याचे समाधान आहे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही, आमच्या सहचारिणी आणि आई असे तिघे एस. टी. ने पंढरपूरला गेलो. काय घ्यावे यावर घरात आधीच चर्चा झाली होती. घोंगडी ऊबदार खरी, पण तिचे ओझे अंगावर घेऊन खुरपे चालत नाही. शाल वाकले की खांद्यावरून घसरते. सोलापुरी चादरीचे नाव मोठे, पण ती अंथरुणात शोभते. लोकरीचा स्वेटर आईच्या मानेला टोचतो, आणि नीट ठेवला नाही तर त्याला कसर लागते. राहता राहिले फ्लीसचे जाकीट. मऊ, हलके, पुढे चेन आणि दोन खिसे.

हे कापड काय असते, ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना ते लोकरच वाटते. फ्लीसमध्ये लोकर नसते. ते पॉलिस्टर, म्हणजे एका परीने प्लॅस्टिकच. पॉलिस्टरच्या धाग्याचे कापड विणून त्याचा पृष्ठभाग तारांच्या ब्रशाने उकरतात, म्हणजे बारीक केस वर येतात. या केसांत हवा अडकून राहते. अडकलेली, स्थिर हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून अंगाची ऊब अंगाशीच राहते. कोणतेही जाकीट स्वतः ऊब तयार करीत नाही. ते फक्त आपलीच ऊब राखते. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून दवात भिजले तरी लवकर वाळते. सुती कापड भिजले की अंगाला गार चिकटून बसते. फडात जाणाऱ्या बाईला हा फरक मोठा आहे.

हे कापड १९७९ च्या सुमारास अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्स नावाच्या गिरणीत तयार झाले. त्या गिरणीची एक हकिगत आमच्या सोलापूरच्या माणसाने ऐकण्याजोगी आहे. ११ डिसेंबर १९९५ रोजी तिला मोठी आग लागली आणि बराच भाग जळून गेला. विम्याचे पैसे घेऊन मोकळे होण्याऐवजी मालक ॲरन फ्युअरस्टाईन यांनी गिरणी पुन्हा बांधायला घेतली आणि काम बंद असतानाही सुमारे तीन हजार कामगारांचे पगार काही महिने चालू ठेवले. पुढे २००१ साली ती गिरणी दिवाळखोरीत गेली, हेही खरे. पण ज्या शहरात १८७७ सालची जुनी मिल आणि तिच्यामागून इतर गिरण्या बंद पडल्या आणि कामगार देशोधडीला लागले, त्या शहराच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हाला ही गोष्ट वाचून घटकाभर गप्प बसावे लागले.

असो. दुकानात गेलो. दुकानदाराने आईकडे पाहिले आणि मागे न पाहता तपकिरी रंगाचे एक जाकीट काढून ठेवले. "मावशींच्या वयाला हा रंग बरा." आई म्हणाली, "वय माझं हाय, रंग मला बघू दे." तिने डाळिंबी रंगाचे जाकीट काढायला लावले. सहचारिणी आमच्याकडे पाहून हसल्या. आम्ही काही बोललो नाही. कोटाच्या प्रसंगाने आम्हाला शहाणे केले होते.

निवड कशी करावी हे आम्ही आईकडूनच शिकलो. जाकीट अंगात घातल्यावर तिने आरशात पाहिले नाही. ती दुकानाच्या फरशीवर उकिडवी बसली, खुरपायला बसतात तशी. मग एक हात लांब करून पुढे सरकली. पहिल्या जाकिटाची बाही कोपराकडे वर गेली आणि कमर उघडी पडली. 'हे न्हाय.' दुसरे एका मापाने मोठे घेतले. त्यात पदर खोचूनही चेन बंद झाली, दोन्ही हात डोक्यावर नेले तरी कंबर झाकलेली राहिली. 'हे चालंल.' लुगडे किंवा साडी नेसणाऱ्या बाईने जाकीट नेहमी साडीवरच घालून पाहावे आणि एक माप मोठे घ्यावे. दुकानात ताठ उभे राहून सगळेच कपडे बरे दिसतात.

बाकीची तपासणी आम्ही केली. ती अशी. कापड दोन बोटांच्या चिमटीत दाबून सोडावे. केस पुन्हा उभे राहिले तर ठीक, चपटेच राहिले तर ते जाकीट एका हिवाळ्याचे सोबती. तळहाताने दहा-बारा वेळा घासावे. लगेच गोळे धरू लागले किंवा केस हाताला आले तर ठेवून द्यावे. उजेडाकडे धरून पाहावे; जाळी दिसली की ऊब गेलीच म्हणून समजावे. जाडी वजनावर मोजतात. एका चौरस मीटर कापडाचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास असेल तर ते पातळ, २०० असेल तर मध्यम, ३०० असेल तर जाड. आपल्याकडच्या थंडीला मध्यम पुरते. चेन चार वेळा वरखाली करावी आणि चेनच्या मागे कापडाची पट्टी आहे का ते पाहावे, नाहीतर वारा नेमका छातीवर लागतो. मनगटाशी बाही घट्ट हवी. खिसे खोल हवेत. आईच्या खिशात चष्मा, तंबाखूची चंची आणि मोबाईल अशा तीन वस्तू मावल्या पाहिजेत, ही अट होती. तंबाखूवरून आमचे तिच्याशी भांडण आहे. ते वेगळे लिहू.

जाकिटाचे साडेआठशे रुपये पडले. शेजारी साडेतीनशेचेही होते, पण ते घासताच केस सोडत होते. साडेतीनशेचे एक वर्ष टिकले आणि साडेआठशेचे पाच वर्षे, तर वर्षाला एकशे सत्तर पडतात. स्वस्त ते महाग, असे आमच्या हिशेबाने सांगितले. पैसे मात्र आईने दिले. कनवटीची पिशवी सोडून खुरपणीच्या मजुरीतल्या नोटा तिने मोजून ठेवल्या. आम्ही खिशात हात घातला तेव्हा तिने असे पाहिले की हात खिशातच राहिला.

त्या डिसेंबरात ६ तारखेला चैत्यभूमीवर अभिवादनाला जाताना ते जाकीट प्रथम लांबच्या प्रवासाला निघाले. आम्ही कुर्डुवाडीहून रात्रीची गाडी धरतो. करकंबहून कुर्डुवाडीपर्यंत मोटारसायकलवर जाताना एक गोष्ट ध्यानात आली. फ्लीस वारा अडवीत नाही. केसाकेसांतून वारा सरळ आत येतो. आई मागे बसून कुडकुडू लागली, तेव्हा आम्ही थांबून आमचा रेक्झिनचा पातळ कोट तिला जाकिटावरून घालायला दिला आणि ती म्हणाली, "आता आलं बघ." वाऱ्यात जायचे असेल तर फ्लीसवर काही तरी न झिरपणारे हवेच. गाडीत मात्र जाकीट पुरेसे झाले, आणि शिवाजी पार्कवर रात्री त्याचीच घडी उशाला आली. आल्यावर वस्तीतल्या चार बायांनी ते अंगात घालून पाहिले. आई तेवढे दिवस पाटलीणबाईसारखी मिरवत होती म्हणा ना.

आता धुण्याची कथा. पहिली धुणावळ आम्ही बिघडवली. सहचारिणी कामात होत्या म्हणून आम्ही स्वतः कढत पाणी आणि सोडा घेऊन बसलो आणि कपड्याचा ब्रश मारमारून जाकीट लख्ख केले. वाळल्यावर कोपरांवर आणि खिशांपाशी बारीक गोळे धरलेले. वर कन्येने 'वास छान येईल' म्हणून कपडे मऊ करणारे औषध पाण्यात टाकले होते. त्याचा लेप केसांवर बसतो, केस एकमेकांना चिकटतात आणि हवा धरायची जागाच कमी होते. मऊपणाचे औषध मऊ कापडाचे वैरी, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

तेव्हापासूनची आमच्या घरची पद्धत अशी. जाकीट दर वेळी धुवायचे नाही. माती लागली असेल तर ती वाळू द्यायची आणि झटकून काढायची. धुवायचे तेव्हा चेन लावून, जाकीट उलटे करून, गार किंवा कोमट पाण्यात, थोड्या पावडरीत पंधरा मिनिटे ठेवायचे. हाताने दाबून मळ काढायचा. दगडावर आपटायचे नाही, ब्रश लावायचा नाही, ब्लीच वापरायचे नाही. पिळायचे नाही, दाबून पाणी काढायचे आणि सावलीत वाळत टाकायचे. इस्त्री तर मुळीच नाही. गोळे धरलेच तर ओढून तोडू नयेत, बारीक कात्रीने वरच्या वर कापावेत. होळीनंतर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, सैल घडी करून पेटीत ठेवावे. ट्रंकेत कोंबून वर गाद्यांचा ढीग ठेवला तर केस दबतात.

आणखी एक. फ्लीस धुतले की त्यातून डोळ्यांना न दिसणारे पॉलिस्टरचे तंतू पाण्यात जातात. ते कुजत नाहीत. आमच्याकडचे पाणी अखेर भीमेला, म्हणजे पंढरपूरच्या चंद्रभागेलाच मिळते. म्हणूनही गरजेपुरतेच धुवावे, ओढ्यावर किंवा कालव्यावर नेऊन धुऊ नये आणि जोराने घासू नये. कमी धुतल्याने जाकीट टिकते आणि पाण्याचेही नुकसान कमी होते.

एवढे सगळे आम्ही शिकलो, वहीत लिहूनही ठेवले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आईला सांगायची विसरलो.

गेल्या वर्षी जानेवारीतली पहाट. अंगणात शेकोटी पेटलेली, भोवती वस्तीतली पाच-सात माणसे. जळण म्हणून उसाचे पाचट. पाचट भुर्रकन पेटते आणि ठिणग्या उडवते. आई नेहमीसारखी अगदी जवळ बसलेली, हात जाळावर धरलेले. एक ठिणगी बाहीवर पडली. सुती कापडावर पडली असती तर हाताने झटकली असती. इथे ठिणगीखालचे कापड वितळले, बाहीला भोक पडले आणि वितळलेला थेंब मनगटाला चिकटला. आईच्या तोंडून जो शब्द निघाला तो आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. आम्ही धावत गेलो आणि बाही ओढायला हात घातला. सुदैवाने शेजारची आशाताई तिथेच शेकत होती. ती ओरडली, "दादा, वडू नका! कातडी येईल संगं!"

रांजणातले पाणी तांब्यामागून तांब्या तिने आईच्या मनगटावर धरले, चांगली वीस मिनिटे. कोणी हळद आणली, कोणी टूथपेस्ट. तिने दोघांनाही परत पाठवले. चिकटलेल्या जागेला हात न लावता भोवतालची बाही कात्रीने कापली, स्वच्छ फडके सैल गुंडाळले आणि आम्ही आईला दवाखान्यात नेले. जखम रुपयाएवढी होती, बरी झाली. डाग राहिला आहे. पण ठिणगीऐवजी ज्वाळा लागली असती तर? हा विचार आला की आजही पोटात गोळा उठतो.

पॉलिस्टर आगीत वितळते आणि अंगाला चिकटते, हे आम्हाला माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. जाकिटाच्या आत पांढरी पट्टी होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरे आणि खुणा होत्या. आम्ही ती दुकानात आमच्यापुरती वाचली आणि 'शंभर टक्के पॉलिस्टर' असे मनातल्या मनात म्हणून सोडून दिले. ज्या बाईच्या अंगावर ते कापड जाणार होते, तिला त्याचा अर्थ सांगितला नाही. चार बुके शिकलेल्या माणसाचे शिक्षण असे त्याच्यापाशीच राहिले की त्याचा घरालाही उपयोग होत नाही. हा दोष दुकानदाराचा नाही, कापडाचा नाही, आमचा आहे. तो इथे लिहून ठेवतो, म्हणजे निदान वाचकांच्या घरी असे होऊ नये. फ्लीस, नायलॉन, रेक्झिन अंगात असेल तर चुलीपुढे आणि शेकोटीपुढे बसू नये. ते काढून ठेवावे आणि घोंगडी किंवा सुती चादर घ्यावी. लहान मुलांच्या बाबतीत तर हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळावा.

आता आमच्या मंडळाविषयी. आमचे वस्तीतले मंडळ दर हिवाळ्यात जुने गरम कपडे गोळा करते आणि ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना वाटते. बीड, उस्मानाबादकडची (आता धाराशिव म्हणतात) ही माणसे फडाशेजारी कोप्या घालून राहतात आणि अंधार असतानाच कोयता घेऊन निघतात. मुले कोपीपुढे जाळाशी बसून असतात. आम्ही कपड्यांचा ढीग सतरंजीवर ओतायचो, मुले त्यातून उचलायची आणि आम्ही फोटो काढायचो. गेल्या दसऱ्यानंतरच्या बैठकीत आम्ही कोटाची आणि बाहीची अशा दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि विचारले, "आपल्याला जे नको, ते आपण दुसऱ्याच्या लेकरापुढे ओतायचे का?"

वाद झाला. एक तरुण म्हणाला, "दादा, थंडीला स्वाभिमान कळत नाही. मूल कुडकुडत असेल तर जुने काय आणि नवे काय?" त्याचे म्हणणे चूक म्हणता येणार नाही. आम्ही निरुत्तर होऊन घरी आलो आणि आईला विचारले. ती भाकरी थापीत होती. थापता थापताच म्हणाली, "लेकराला थंडी वाजत आसंल तर जुनंबी दे. माझी गोष्ट येगळी, मी म्हातारी हाय, मला दम धरवतोय. पर ढिगातनं उचलायला लावू नको. आन् फोटू काढू नको."

त्यावरून मंडळात असे ठरले. जुने कपडे आले तर ते धुऊन, शिवून, घडी करून मापाप्रमाणे लावायचे आणि आई-बापांना बोलावून निवडू द्यायचे. शिवाय दर घरी महिना पन्नास रुपये जमवून जमतील तितकी नवी जाकिटे घ्यायची. हिशेब अर्थात आमच्याकडे आला. यंदा बावीस नवी जाकिटे झाली. तीन रंग ठेवले आणि मुलांना रंग स्वतः निवडायला सांगितले. पहिल्या मुलीने पाच मिनिटे लावली. मागची रांग कुरकुरू लागली, पण आम्ही घाई केली नाही.

जाकिटे देताना आई बरोबर आली होती. तिने आपले मनगट पुढे करून तो डाग प्रत्येक मुलाच्या आईला दाखवला आणि सांगितले, "जाळापाशी बसताना हे काढून ठिवा. लेकराच्या अंगात ठिवू नका." आमच्या दहा भाषणांनी जे झाले नसते, ते त्या डागाने केले.

तिच्या जाकिटाच्या बाहीवरचे भोक तिने स्वतःच शिवले आहे. आजीच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा पेटीत होता, तो तिने कापून ठिगळ म्हणून लावला. डाळिंबी रंगावर हिरवे ठिगळ लांबून उठून दिसते. सहचारिणी म्हणाल्या, "आत्या, त्याच रंगाचा तुकडा मिळाला असता." आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हे आपल्याच घरातलं हाय."